बाकवाली उभी राहते

गावात तिला सगळे बाकवाली म्हणत. रस्त्याच्या कडेला लोकांना बसायला बाकं करून ठेवते, म्हणून बाकवाली. यात कौतुकही होतं आणि थोडी चेष्टाही, आणि त्यातलं कुठलं किती हे बोलणाऱ्याच्या सुरावरून कळे. तिला दोन्ही चालत. वय त्रेपन्न, अंगानं सडपातळ, मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग. चालताना मान किंचित खाली, कारण तिची नजर कायम लोकांच्या गुडघ्यांवर असायची. कोण कुठल्या पायावर भार देऊन उभं आहे, हे तिला माणसाच्या तोंडाआधी दिसे.

बसस्थानकामागे तिच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान होतं. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, फाटकं. वडिलांना मुलगा झाला तो हिच्यानंतर नऊ वर्षांनी, त्यामुळे तो कामाचा होईपर्यंत हाताशी हीच होती. चौदाव्या वर्षी तिनं पहिला टाका मारला. तो इतका वेडावाकडा होता की वडील म्हणाले, "हे जोडलंयस की चावलंयस?" पण टाका सुटला नाही. पुढे भाऊ मोठा झाला, दुकानावर त्याच्या नावाची पाटी लागली, हात मात्र तिचाच राहिला. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम त्याचं, लोखंडाशी बोलायचं हिचं, अशी दोघांची न बोलता झालेली वाटणी होती.

जेवणाच्या सुट्टीत उरल्यासुरल्या तुकड्यांतून ती काहीबाही करत बसायची. पान्यांचं माकड, बिजागऱ्यांचा मासा, सायकलच्या साखळीची दाढी असलेला म्हातारा. भाऊ वैतागायचा. "ताई, लोक फाटक बघायला येतात आणि तुझं माकड बघून जातात."

"जाताना हसत जातात ना?"

"हसण्यानं फाटक खपत नाही."

चव्वेचाळिसाव्या वर्षी तिनं एक खुर्ची केली. पाठीला इस्पितळातल्या मोडक्या खाटेची उशाकडची बाजू, हातांना सायकलचे चिमटे, बैठकीला जुन्या ट्रॅक्टरचं सीट. चित्रकलेच्या शाळेतले एक मास्तर कठड्याचं माप द्यायला आले होते. त्यांनी ती पाहिली आणि हट्टानं शहरातल्या मोठ्या प्रदर्शनात नेऊन मांडली. उद्घाटनाच्या दिवशी ही नवी चप्पल घालून गेली. बघते तर खुर्चीभोवती दोरी, आणि पुढे पाटी: 'कृपया बसू नये.' चप्पल चावत होती, पाय भरून आले होते. तिनं दोरी उचलली आणि जाऊन बसली. रखवालदार धावत आला.

"बाई, उठा, उठा! ही कला आहे."

"ही खुर्ची आहे. मी केलीय."

"केली असेल. पण बसता येणार नाही."

मास्तरांनी मध्ये पडून समजूत घातली, पण तिचं मन उडालं ते उडालंच. प्रदर्शन संपल्यावर तिनं खुर्ची टेम्पोत घातली आणि घरी न नेता दवाखान्याच्या चढावर नेऊन ठेवली. तो चढ मोठा दमवणारा होता, आणि मध्ये टेकायला दगडसुद्धा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं, तर पायाला प्लास्टर घातलेली एक बाई खुर्चीत बसून शांतपणे केळं खात होती. बाकवाली समोरच्या फुटपाथवर उभी राहून नुसती बघत राहिली. त्या दिवशी दुकानात पोचायला तिला तासभर उशीर झाला.

मग तिला नादच लागला. नऊ वर्षांत एकेचाळीस बाकं झाली. भंगारातून लोखंड आणायचं, भल्या पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत नेऊन पक्कं बसवायचं, परवानगी कुणाची घ्यायची नाही. प्रत्येक बाक त्या कोपऱ्यावरच्या माणसांच्या मापाचं. शाळेच्या फाटकाशी दोन पायऱ्यांचं, म्हणजे आजोबा वर आणि नातवंड खाली. घटस्फोटाची कामं चालणाऱ्या कोर्टाबाहेर एक नागमोडी बाक होतं, त्यावर दोघं शेजारी बसली तरी एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत. तिथला शिपाई सांगायचा, भांडणं निम्म्यावर आली. खरं-खोटं तोच जाणे.

तोवर नगरपालिकेनं तिच्याकडे काणाडोळा केला होता. पण नवा अधिकारी आला, त्याला रस्ते मोकळे करायची हौस होती, आणि एका मंगळवारी अतिक्रमणाच्या गाडीनं एका फेरीत अकरा बाकं उचलून नेली. बाकवालीला कळलं ते टपालकाकांकडून. टपालकाका म्हणजे चाळीस वर्षं घरोघर पत्रं वाटून निवृत्त झालेला माणूस. दोन्ही खुबे झिजलेले, तरी दिवसातून दोनदा गावभर फेरी घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि ती फेरी ते बाकांच्या भरवशावर घालत.

"औषधाच्या दुकानापासून पुलापर्यंत साफ केलंय बघ," ते म्हणाले. "मी वाटेत तीनदा भिंतीला टेकलो. लोकांना वाटलं, घेतलीय की काय."

सोमवारी ती नगरपालिकेत गेली. खिडकीतला कारकून सज्जन होता, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकणारा नव्हता.

"बाई, नियमात बाक हा शब्दच नाही. 'रस्त्यावरील वस्तू' असा आहे. वस्तू दिसली की उचलायची."

"मग लोकांनी बसायचं कुठं?"

त्यानं नियमांचं पुस्तक खरोखरच चाळून पाहिलं. "त्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

साहेब भेटेपर्यंत ती पन्नास मिनिटं त्या बोळकंडीत उभी होती. तिथंही बसायला काही नव्हतं, आणि साहेबांनीही नियमच सांगितला. पुढच्या सोमवारी ती घरून घडीचं स्टूल घेऊन गेली. त्याच्या पुढच्या सोमवारी नऊ जण गेले, ज्यानं त्यानं आपापली बैठक नेलेली: कुणी पाट, कुणी बादली, टपालकाकांनी तर आरामखुर्ची. घोषणा नाहीत, फलक नाहीत. सगळे नुसते बसले. विचारलं की सांगायचे, "काही नाही, बसलोय." असे पाच सोमवार गेले. कारकून त्यांना पाणी देऊ लागला, पण बाकं काही सुटली नाहीत.

पाचव्या सोमवारी बाहेर पडताना टपालकाका म्हणाले, "यांच्या दारात बसून काही व्हायचं नाही. आत बसायला पाहिजे."

"आत कोण बसू देतंय?"

"निवडणूक आलीय तोंडावर. आत बसायचं तर आधी उभं राहावं लागतं, बाई."

ती हसली. पण घरी जाईपर्यंत ते तिच्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

तिचा नवरा वर्तमानपत्राच्या छापखान्यात मुद्रितशोधक होता. तीस वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या आणि मात्रा तपासून तो कमी बोलायला शिकला होता; बोललेलं तरी बरोबर असावं असा त्याचा कटाक्ष. संध्याकाळी तो भाजी निवडत बसला होता तेव्हा तिनं विचारलं, "अहो, मी निवडणुकीला उभी राहू?"

त्यानं हातातली जुडी संपवली. मग म्हणाला, "राहा. फक्त पत्रकात 'सर्वांगीण विकास' लिहू नकोस. तो शब्द मी इतक्या वेळा तपासलाय की मला तो आता दिसतच नाही."

भावाला मात्र हे पटलं नाही. फाटकं कोण करणार, हा एक प्रश्न होताच. पण खरं दुखणं त्यानं दुपारी, ती हातमोजे काढत असताना सांगितलं. "ताई, लोक काय म्हणतील माहितेय? बाकं हे नुसतं निमित्त, डोळा पहिल्यापासून खुर्चीवर होता."

हे तिला लागलं. कारण लोक तसं म्हणतील हे तिला दिसत होतं. संध्याकाळी शटर ओढताना ती भावाला म्हणाली, "म्हणू देत. अकरा बाकं जाऊन दोन महिने झाले. आपण गप्प बसलो म्हणून ती परत येणार आहेत का?"

भाऊ कुरकुरत का होईना, अर्ज भरायला तिच्याबरोबर गेला, आणि सूचक म्हणून पहिली सही त्यानंच केली.

चिन्हाच्या वेळी मोठी गंमत झाली. तिनं खुर्ची मागितली. ती एका दुसऱ्याच उमेदवाराला आधीच गेली होती. उरलेल्यांतून तिच्या वाट्याला आली शिडी. भाऊ कपाळाला हात लावून म्हणाला, "झालं. जगात बसता येत नाही अशी एकच वस्तू, ती नेमकी तुला."

"बसता येत नाही असं कोण म्हणतं?"

चार दिवसांत तिनं घडीची शिडी केली. प्रत्येक पायरी रुंद, कडा गोल केलेली, तीन उंचींवर तीन माणसं ऐसपैस बसतील अशी. खाली दोन चाकं. हाच तिचा प्रचाररथ. पत्रक नवऱ्यानं तपासलं आणि निम्म्याहून जास्त खोडलं. उरलं ते असं: 'या प्रभागात मी एकेचाळीस बाकं केली. अकरा नगरपालिकेनं उचलली. ती परत आणायची आहेत. बाकीचं तुम्ही सांगा.'

लोकांनी सांगितलं. रोज संध्याकाळी एका गल्लीत शिडी उभी करायची, खालच्या पायरीवर आपण बसायचं आणि वरच्या दोन मोकळ्या ठेवायच्या. पहिल्या दिवशी फक्त एक मांजर येऊन बसलं. दुसऱ्या दिवसापासून माणसं आली. भाषण तिला जमतच नव्हतं, त्यामुळे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नळाला पाणी कधी येतं, खांबावरचा दिवा कसा लुकलुकतो, कुणाची सून कशी बोलते, सगळं. मागच्या गल्लीतली इस्त्रीवाली वरच्या पायरीवर बसून म्हणाली, "बाकवाली, तू बसायला जागा दिलीस, उपकार झाले. पण या गटाराच्या वासात नाकाला फडकं लावून किती वेळ बसायचं? ते सांग."

बाकवालीनं पलीकडे पाहिलं. त्या गल्लीत तिचंच बाक होतं, चार वर्षांपूर्वीचं, तिच्या आवडत्यांपैकी एक. ते बसवताना तिनं इस्त्रीवालीच्या गुडघ्याचं माप घेतलं होतं. वास तेव्हाही असणारच.

त्याच आठवड्यात सगळ्या उमेदवारांची एकत्र सभा झाली. इस्त्रीवालीनंच उठून गटाराचं विचारलं. विद्यमान नगरसेवक भांडीवाले. बाजारात स्टीलच्या भांड्यांचं त्यांचं मोठं दुकान, तीन वेळा निवडून आलेले, हसतमुख माणूस. ते दहा मिनिटं अस्खलित बोलले. मग बाकवालीची पाळी आली. ध्वनिक्षेपक तिच्या तोंडापेक्षा वर होता, तो कुणी खाली केला नाही.

"मला माहीत नाही," ती टाचा उंचावून म्हणाली. "सोमवारी विचारते. मंगळवारी सांगते."

सभागृह हसलं. दोन दिवसांनी पेपरात व्यंगचित्र आलं: बाकवाली शिडीवर चढून खुर्चीला हात घालतेय आणि खाली लिहिलंय, 'विचारून सांगते!' नवऱ्यानं ते तिला स्वतःच दाखवलं.

"तुमच्याच छापखान्यातलं हे. तुम्हाला आधी दिसलं असणार."

"दिसलं ना. 'विचारून'मध्ये वेलांटी चुकली होती. दुरुस्त केली."

"आणि चित्र?"

"चित्र माझ्याकडे येत नाही," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "शिडी मात्र चांगली काढलीय त्यानं. तुझ्या टाक्यांसकट."

तिला आधी राग आला, मग हसू फुटलं, आणि ती हसायला लागल्यावर त्यालाही आवरेना.

सोमवारी ती खरंच गेली. कारकुनानं तिला नळ्यांच्या विभागात पाठवलं. तिथं निवृत्तीला टेकलेला एक मिस्त्री होता, त्याला गेल्या कित्येक वर्षांत कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यानं नकाशा उलगडला. मागच्या गल्लीत नऊ इंची नळी येते, मध्येच चाळीस फूट सहा इंची होते, पुढे पुन्हा नऊ.

"म्हणजे गळ्यात घास अडकलाय," ती म्हणाली.

"अगदी तसंच. वीस वर्षं अडकलाय. मी तीनदा लिहून दिलं."

मंगळवारी सकाळी ती खडूच्या पिशव्या घेऊन मागच्या गल्लीत गेली आणि रस्त्यावर गुडघे टेकून ती नळी काढायला लागली. जमिनीखाली जिथून गेलीय बरोबर तिथून, वर, खऱ्या मापानं, निळ्या रंगात. प्रत्येक घरातून येऊन मिळणारी बारकी नळीसुद्धा काढली. मिस्त्री शेजारी उभा राहून सांगत होता, "इथं थोडं डावीकडे घ्या. हां, बास." अरुंद झालेले चाळीस फूट तिनं तांबड्या खडूनं भरले. दुपारपर्यंत गल्लीभर ती निळी शेपटी पसरली. लोक दारातून बाहेर येऊन तिच्यावरून चालत गेले. तांबडं आलं की थांबायचे. इस्त्रीवाली तिथं उभी राहून आल्यागेल्याला दाखवायची, "हे बघा, हे इथं. माझ्या दारात नाही, पलीकडे आहे आजार." संध्याकाळी दुसऱ्या गल्लीतली माणसंही बघायला आली. म्हणाली, "आमच्या पायाखाली काय आहे, तेही काढून द्या की."

गुरुवारी दुपारी भांडीवाले दुकानात आले, एकटेच. शाळेत ते आणि बाकवाली एका वर्गात होते. चारचौघांत 'ताई, तुम्ही' म्हणणारा हा माणूस एकांतात मात्र 'अगं-तुगं'वर यायचा. बसायला त्यांना अर्धवट झालेलं एक बाक मिळालं.

"कमरेला बरं वाटतंय गं," ते नवलानं म्हणाले.

"तुझ्यासारख्या बसून काम करणाऱ्यांच्या मापाचंच आहे ते."

ते हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सरळ बोलतो. तुझी मतं माझ्या मतांतून जाणार, आणि मधल्यामधे तो खुर्चीवाला निवडून येणार. त्यापेक्षा तू बस."

निवडणुकीच्या भाषेत बसणं म्हणजे लढत सोडून दुसऱ्याला पाठिंबा देणं, हे तिलाही ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "मी बसलेलीच आहे की."

"चेष्टा नको. तू बस, उद्या सकाळी तुझी अकराच्या अकरा बाकं जागच्या जागी. साहेबांशी बोललोय मी. शब्द देतो."

आणि तो शब्द खरा होता, यातच सगळी पंचाईत होती. भांडीवाल्यांचं काहीही म्हणा, दिलेला शब्द ते पाळत. ते गेल्यावर बाकवालीला काम सुचेना. निवडणूक लढवायची ती बाकांसाठीच ना? मग बाकं घरबसल्या मिळत असतील तर उरलं काय? ती तडक टपालकाकांकडे गेली. ते भिंतीला टेकून श्वास घेत होते. तिनं सगळं सांगितलं.

"उद्या सकाळी?" त्यांनी विचारलं.

"उद्या सकाळी."

त्यांनी पुलापर्यंतच्या मोकळ्या फुटपाथवरून नजर फिरवली. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं तिला स्पष्ट दिसलं. "मला विचारशील तर माझे खुबे म्हणतात, हो म्हण," ते म्हणाले. "पण मागच्या गल्लीत तू ती निळी नळी काढून ठेवलीयस. ती इस्त्रीवाली रोज लोकांना दाखवतेय. तिला काय सांगणार?"

बाकवाली त्यांच्या शेजारी भिंतीला टेकली.

"मी टेकेन भिंतीला आणखी काही दिवस," टपालकाका म्हणाले. "भिंती काही कुणी उचलून नेत नाही."

दुसऱ्या दिवशी ती भांड्यांच्या दुकानात जाऊन म्हणाली, "नाही बसत रे मी." भांडीवाल्यांनी एक सुस्कारा टाकला, तिला चहा पाजला आणि वर म्हणाले, "शाळेतही तू अशीच होतीस. डोक्यात लोखंड."

मतमोजणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. तिला वाटत होतं, अनामत वाचली तरी पुष्कळ. पहिल्या फेरीत ती तिसरी होती, दुसरीत दुसरी. मागच्या गल्लीची पेटी शेवटी उघडली. सत्तावीस मतांनी ती निवडून आली. भाऊ तिथंच रडायला लागला आणि वर डोळ्यांत धूर गेला म्हणाला. तिथं धूर कसला? नवऱ्यानं निकालाच्या फलकावर तिचं नाव नीट लिहिलंय का ते जवळ जाऊन तपासलं. भांडीवाल्यांनी चारचौघांत हात जोडले, एक खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "आता तरी बसा, ताई." खुर्चीवाला उमेदवार चौथा आला.

नगरपालिकेचं कामकाज म्हणजे काय, हे तिला हळूहळू कळलं. नळी बदलायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत ती इतक्या वेळा खड्ड्यात उतरली की मिस्त्री निवृत्त झाला त्या दिवशी त्यानं स्वतःचे गमबूट तिला देऊन टाकले. नियमात 'बाक' हा एक शब्द घालायला तीन बैठका झाल्या. शब्द कुठं घालायचा आणि स्वल्पविराम द्यायचा की नाही, हे नवऱ्यानं घरी बसून ठरवून दिलं. अकरापैकी दहा बाकं परत आली. अकरावं शोधताना कळलं की नगरपालिकेच्या गोदामाचा रखवालदार त्याच्यावर बसतो. ते तिनं तिथंच राहू दिलं.

आणि मग एके दिवशी कारकुनानं तिच्यापुढे एक कागद ठेवला. तोंडावरचं हसू दाबत तो म्हणाला, "ताई, तुमच्या प्रभागातली तक्रार. बाकाबद्दल आहे. तुमचा अभिप्राय हवा."

तक्रार औषधाच्या दुकानामागे राहणाऱ्या एका परिचारिकेची होती. बाकवाली सकाळी अकराला तिच्या दारात गेली. परिचारिकेनं दार उघडलं, डोळे सुजलेले.

"बाहेरून बघू नका," ती म्हणाली. "आत या. इथं आडव्या व्हा."

"कुठं?"

"माझ्या पलंगावर. चपला काढून."

खोली नीटनेटकी होती, खिडकीला जाड काळा पडदा, घड्याळ उशीखाली ठेवलेलं. बाकवाली संकोचून आडवी झाली. परिचारिका स्टुलावर बसली. भिंतीपलीकडे, बरोबर उशाशी, तिचं बाक होतं, औषधाच्या रांगेतल्या माणसांसाठी केलेलं. आवाज असा येत होता की जणू माणसं खोलीतच बसलीयत. कुणी खोकत होतं. कुणी आपल्या मुलीचं बाळंतपण पहिल्यापासून सांगत होतं. मग टपालकाकांचा ओळखीचा आवाज आला: "बाकवाली? आता कुठली दिसते ती. नळ्यांमध्येच गुंतलीय. मोठी झाली ना!"

बाकवालीनं तोंडावर हात दाबून हसू आवरलं. परिचारिकाही हसली, पण थकलेलं.

"यंदा रात्रपाळी आहे माझी. नऊला येते. बाक परत आल्यापासून सलग तीन तास झोप नाही. लोकांना काय बोलू? म्हातारी माणसं आहेत. आणि बाक चांगलं आहे हो, त्याला मी वाईट म्हणत नाही."

बाकवाली आणखी दहा मिनिटं पडून राहिली. बाळंतपण संपलं, पेन्शनचं सुरू झालं, कुणीतरी बाकाच्या पायावर काठी आपटत होतं आणि ती ठकठक थेट डोक्यात जात होती. त्या बाकावर कोण बसणार याचा तिनं किती विचार केला होता! भिंतीच्या या बाजूला कोण झोपतं, हे विचारायचं कधी सुचलंच नव्हतं.

ती उठली, केस नीट केले आणि म्हणाली, "आजच हलवते."

दुपारी भाऊ पाने घेऊन आला. बोल्ट उघडायला लागल्यावर बाकावरची मंडळी खवळली. टपालकाका म्हणाले, "अगं, तू आमची की त्यांची?"

"कुणाची म्हणजे? चाळीस पावलं पुढे नेतेय, बंद गोदामाच्या भिंतीला."

"तिथं ऊन लागतं."

"तीननंतर सावली येते."

"आणि तोवर?"

"तोवर तुम्हीही घरी जाऊन पडा, काका. या प्रभागात झोपणारी माणसंसुद्धा राहतात."

काका फुरंगटले, पण बाक उचलताना एका टोकाला हात त्यांनीच लावला. भाऊ बोल्ट आवळत होता तेव्हा ते शेजारी उभे राहून, अजून डावीकडे, अजून डावीकडे, अशा सूचना देत राहिले. बसवून झाल्यावर सगळ्यांत आधी बसले तेही तेच, आणि उन्हात डोळे बारीक करून म्हणाले, "इथून पूल दिसतो. ते एक बरं झालं."

बाकवालीनं कागदावर लिहिलं: 'तक्रार योग्य. बाक हलवले.' खाली सही केली. मग ती भावाबरोबर दुकानात गेली. एका शाळेच्या फाटकाचं काम आठवडाभर अर्धवट पडलं होतं. तिनं चष्मा चढवला, हातमोजे घातले आणि दोन तास टाके मारले. चार वाजता दिव्यांच्या खांबांची बैठक होती. त्या बैठकीला ती चालतच गेली, पाच मिनिटं उशिरा, अंगाला लोखंडाचा वास घेऊन.